पासाउ ते व्हिएन्ना: डॅन्यूबकाठची सायकलदिंडी, रोजचा हिशेब

युरोपात पहिल्यांदाच ग्रुपने सायकल चालवायला निघालेल्यांना जाणकार मंडळी बहुधा याच वाटेवर धाडतात. जर्मनीच्या पासाउपासून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठाने सुमारे ३२५ किलोमीटर, सात दिवस. फ्रान्समधल्या नाँतपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या लांबलचक मार्गाचा हा सगळ्यात वर्दळीचा तुकडा. पासाउ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आणि व्हिएन्ना सुमारे १६०, म्हणजे सात दिवसांत मिळून जेमतेम १४० मीटरचा उतार. शिवाय वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून, पाठीवर. म्हणून प्रवास याच दिशेने करायचा. उलट्या दिशेने निघालेले ग्रुप दुपारपर्यंत वैतागलेले दिसतात.

रस्ता सोपा आहे. अवघड आहे तो ग्रुप. एकेकटे ताशी १७ किलोमीटर सहज जाणारे बाराजण एकत्र निघाले की तोच वेग १२-१३ वर येतो. कुणाचं जॅकेट काढायचं असतं, कुणाला फोटो, कुणाला शौचालय. ज्यांनी अशा दोन-तीन सहली केल्यात त्यांना हे गणित पाठ असतं आणि ते त्यावर चिडत नाहीत. दरवर्षी परतणाऱ्या अशा मंडळींना इथे वारकरीच म्हणूया. ग्रुपमध्ये ते निम्मे असले तर आठवडा सुरळीत जातो, सगळेच नवखे असले तर तिसऱ्या दिवशी रुसवेफुगवे ठरलेले.

निघण्याआधी

व्हिसा शेंगेन. अर्ज करायचा तो ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडे. पासाउला एक रात्र आणि पुढच्या सगळ्या ऑस्ट्रियात, म्हणून ऑस्ट्रियाकडे. विमान म्युनिकला उतरतं एवढ्यावरून जर्मनीकडे अर्ज करणं ही नेहमीची चूक. शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. विम्याच्या कागदात सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावं.

सायकल भाड्याची, सामान गाडीने पुढच्या हॉटेलवर. माणशी एक बॅग, साधारण २० किलोपर्यंत, आणि ती सकाळी सांगितलेल्या वेळी, बहुधा आठ-नऊच्या आत, रिसेप्शनजवळ उभी हवी. स्वतःची ई-बाईक नेण्याचा विचार सोडून द्यावा, कारण १६० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि ई-बाईकची बॅटरी ४००-५०० च्या घरातली असते. तिथे भाड्याने मिळणारी ई-बाईक ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते आणि २५ किलोच्या आसपास भरते. जिन्यावरून ती उचलायची वेळ आली की हे वजन आठवतं.

बूड दुखण्यापासून मांड्या घासण्यापर्यंतच्या तक्रारींवर एकच उपाय: गादी शिवलेली सायकलिंग शॉर्ट, आत दुसरं काही न घालता, रोज धुतलेली. तीन जोड पुरतात. वरची जेलची सीट-कव्हरं घरीच ठेवावीत, मऊ सीटमध्ये बूड रुततं आणि जास्त दुखतं.

पासाउ: सायकल ताब्यात घेणं

म्युनिकहून रेल्वेने साधारण सव्वादोन तास. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या इथे मिळतात. डोंगरावरून येणारी इन फिकट हिरवी, इल्झ काळसर, आणि संगमाच्या टोकावर पाण्याचे पट्टे काही अंतर वेगळे ओळखू येतात. सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या ऑर्गनला १७,९७४ नळ्या आहेत. नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या रेषा आखल्यात. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. ती रेषा डोक्याच्या बरीच वर दिसते, आणि पुढचे सात दिवस आपण याच नदीच्या काठावर असणार आहोत हे लक्षात येतं.

पण संध्याकाळ खरी द्यायची ती सायकलीला. भाड्याच्या ट्रेकिंग सायकली बऱ्याचदा मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, सात किंवा आठ गिअर असलेल्या असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना पायडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक असतो. आपल्याकडच्या माणसाला पायडल मागे फिरवायची सवय असते. सिग्नलला थांबल्यावर पाय सोयीच्या जागी आणायला तो ते उलटं फिरवतो आणि चाक जाम होतं. उतारावर गंमत म्हणून पायडल मागे फिरवणाऱ्याचं मागचं चाक अडकतं आणि सायकल घसरते. सायकल घेताना ब्रेक कोणत्या प्रकारचा हे विचारावं, पर्याय असला तर मुक्त फिरणारं पायडल मागावं, नसला तर मोकळ्या आवारात वीस फेऱ्या माराव्यात. हाताच्या ब्रेकचंही तसंच. आपल्या सायकलींना उजवी पट्टी बहुधा पुढच्या चाकाची, तिकडे बहुधा डावी.

सीटची उंची: टाच पायडलवर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. 'पाय जमिनीला टेकले पाहिजेत' म्हणून सीट खाली ठेवणाऱ्यांचे गुडघे तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात. ठरलेल्या उंचीवर सीटच्या दांड्याला चिकटपट्टीची खूण करावी, कारण सायकल रात्री आवारात असते आणि सकाळी कुणीतरी दुसऱ्याचीच घेऊन निघतं. टायरवर हवेचा आकडा छापलेला असतो. चाळीस मिलिमीटर रुंदीच्या टायरला ४ बार, म्हणजे साधारण ६० पीएसआय ठीक. व्हॉल्व्ह तीन तऱ्हेचे असतात: मोटारीसारखा, बारीक लांबोडका, आणि आपल्या साध्या सायकलींना असतो तो. ग्रुपमधल्या पंपाचं तोंड आपल्या व्हॉल्व्हला बसतं का, हे आजच बघायचं.

पहिला दिवस: पासाउ ते श्लोगेन, ४३ किमी

सुरुवातीलाच रस्त्याची उजवी बाजू. ग्रुपमध्ये चालताना कुणी चुकत नाही. चूक होते ती चहाच्या थांब्यानंतर मोकळ्या रस्त्यावर एकटं निघताना. सवयीने डावीकडे जातो आणि समोरून गाडी आली की गडबडतो. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम सायकललाही लागू.

ग्रुप एकत्र ठेवायची एक पद्धत आहे आणि ती वारकरी मंडळींकडूनच शिकावी. पुढे म्होरक्या, सगळ्यात मागे शेपटाचा माणूस, दोघांच्या अंगात भडक जॅकेट. वळण आलं की म्होरक्याच्या लगेच मागे असलेला तिथेच थांबतो, प्रत्येकाला हाताने दिशा दाखवतो आणि शेपटाचा माणूस दिसला की त्याच्या पुढे घुसतो. पुढच्या वळणावर पुढचा. असं केलं की रस्ता सगळ्यांना माहीत नसला तरी कुणी हरवत नाही. पद्धत मोडते ती एकाच कारणाने: मध्ये दोन मिनिटं कुणी आलं नाही म्हणून वळणावरचा 'सगळे गेले असतील' असं ठरवून निघतो. शेपूट दिसेपर्यंत हलायचं नाही. चौदा-पंधराजण असले तर सरळ दोन तुकड्या कराव्यात, प्रत्येकीला आपला म्होरक्या आणि आपलं शेपूट.

डाव्या काठाने योखेनश्टाइनपर्यंत रस्त्याच्या कडेची पट्टी आहे. तिथलं जलविद्युत केंद्र १९५० च्या दशकातलं, जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं; त्यावरून सायकल हाताने ढकलत नदी ओलांडता येते. डाव्याच काठावर राहिलं तर पुढची वाट शांत, जवळजवळ बिनगाड्यांची. मात्र आउ गावाजवळ ती संपते. डोंगराचा कडा थेट पाण्यात उतरतो, म्हणून इथे होडीने पलीकडे श्लोगेनला जायचं. होड्या उन्हाळ्याच्या हंगामात, दिवसाउजेडीच चालतात. खिशात सुटे युरो असावेत, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही.

श्लोगेनला नदी डोंगर फोडता आला नाही म्हणून जवळजवळ पूर्ण उलटी वळते. ते वळण काठावरून कळत नाही. वरच्या दर्शनस्थळापर्यंत अर्ध्या तासाची चढण पायी करावी लागते. साडेतीन-चारला पोहोचलेल्यांनी आजच जावं. उद्या सकाळी जाऊ म्हणणाऱ्यांपैकी कुणी जात नाही.

दुसरा दिवस: श्लोगेन ते लिंत्स, ५२ किमी

आज उजव्या काठाने आशाखपर्यंत जंगल आणि नदी, दुसरं काही नाही. दुकानंही नाहीत, तेव्हा पाण्याच्या बाटल्या हॉटेलमध्येच भराव्यात. नळाचं पाणी सगळीकडे निर्धास्त प्यावं.

बहुतेक ग्रुपचं पहिलं पंक्चर याच सुमारास होतं. मागचं चाक असेल आणि गिअर हबमध्ये असतील तर चाक काढू नका. ते काढायला १५ नंबरचा पाना, गिअरची केबल सोडणं आणि ब्रेकचा हात मोकळा करणं, एवढं सगळं आलं. परत जोडताना गिअर बिघडतात. सायकल आडवी करायची, टायरची एकच बाजू लिव्हरने उचलायची, ट्यूब ओढून बाहेर काढायची, थोडी हवा भरून भोक शोधायचं. कागदाने घासा, सोल्युशन लावा आणि पाच मिनिटं हात जोडून बसा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच टिकत नाही. तोवर टायरच्या आतून बोटं फिरवून काच किंवा काटा काढा. हे विसरलं की दहा किलोमीटरवर तेच पंक्चर पुन्हा. ई-बाईक उलटी करताना हँडलवरच्या डिस्प्लेवर तिचं वजन येऊ देऊ नये.

विलहेरिंगला सिस्टर्शियन मठातलं चर्च बघून ओटेन्सहाइमला पलीकडे जावं. इथली तराफ्यासारखी फेरी इंजिनाशिवाय चालते. नदीवरून ताणलेल्या केबलला ती बांधलेली असते, होडी प्रवाहाला तिरकी धरली की पाण्याचा दाबच तिला पलीकडे ढकलतो. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर धरणांची रांग असल्यामुळे नदी पुष्कळ ठिकाणी तलावासारखी संथ आहे. अशी फेरी चालते तिथे अजून वाहतं पाणी आहे, असं समजावं.

ओटेन्सहाइम ते लिंत्स हा अख्ख्या आठवड्यातला सर्वांत कंटाळवाणा तुकडा, एका बाजूला महामार्ग आणि रुळ. ज्यांचे पाय भरलेत त्यांनी इथून लोकल पकडावी, त्यात कमीपणा काही नाही. लिंत्सला लिंत्सर टॉर्टे खायचा. हिची नोंदलेली कृती १६५३ ची. चव सांगायची तर दालचिनी आणि लवंगेची नानकटाई, मध्ये आंबट जॅम.

तिसरा दिवस: लिंत्स ते ग्राइन, ६२ किमी

आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस, आणि नेमका माउटहाउझनचा. साडेआठला निघावं.

१९३८ ते १९४५ या काळात नाझींनी माउटहाउझन आणि त्याच्या उपछावण्यांत सुमारे १,९०,००० माणसं डांबली, त्यांतली किमान ९०,००० मेली. खाणीतला १८६ पायऱ्यांचा 'मृत्यूचा जिना' इथेच. कैद्यांना पाठीवर दगडाचे चिरे घेऊन तो चढावा लागे. स्मारक नदीपासून चारेक किलोमीटर आत, टेकडीवर आहे आणि चढ खडा आहे. साध्या सायकलवाल्यांनी ढकलत जावं किंवा गावातून टॅक्सी करावी. किमान दोन तास लागतात. ज्यांना नको त्यांनी तसं सरळ म्हणावं आणि गावातल्या कॅफेत थांबावं. ग्रुपमधल्या सगळ्यांना ओढत नेऊ नये, आणि तिथून आल्या आल्या जेवणाची ऑर्डर घ्यायला कुणी बसू नये.

पुढे माखलांडचा सपाट प्रदेश, मक्याची शेतं आणि पुरापासून राखणारा लांब बांध. सावली नाही. जून-जुलैत इथे ऊन लागतं ते ३० अंशांमुळे कमी, आपण थंड देशात आहोत या समजुतीमुळे जास्त.

शाकाहाऱ्यांसाठी आजच सांगायला हवं, कारण छोट्या गावांत निवड कमी होते. फ्रिटाटेनझुपे म्हणजे पातळ धिरड्याच्या शेवया घातलेलं सूप दिसायला निरागस, पण पाणी गोमांसाचं असतं. झेमेलक्नोडल हे पावाचे गोळे चालतात, श्पेकक्नोडलमध्ये डुकराचं मांस. केझश्पेत्सले, म्हणजे चीजमध्ये घोळलेल्या छोट्या शेवया, पोट भरतात. कायझरश्मारन हा फाडलेला गोड घावन जेवण म्हणून चालतो, फक्त बेदाणे कधीकधी रममध्ये भिजवलेले असतात. आणि रविवारी दुकानं बंद, याची शनिवारीच आठवण हवी.

चौथा दिवस: ग्राइन ते मेल्क, ४८ किमी

ग्राइनचं नाट्यगृह १७९१ चं, आणि त्यात कुलपाच्या खुर्च्या आहेत. वर्गणीदार आपली खुर्ची दुमडून कुलूप लावून जाई. सकाळी उघडं असेल तर पंधरा मिनिटं द्यावीत.

ग्राइनच्या खाली नदी अरुंद होते. पूर्वी इथल्या भोवऱ्यांना नावाडी घाबरत. खडक फोडले, धरण झालं आणि भोवरे पाण्याखाली गेले. डाव्या काठाला वाहनांचा रस्ता आहे, म्हणून होडीने उजव्या काठाला जाऊन इब्सपर्यंत शांत वाटेने जावं. इब्स-परझेनबॉइगचं धरण सायकलने ओलांडता येतं. डावीकडे डोंगरावर मारिया टाफेर्लचं चर्च दिसतं. ई-बाईकवाल्यांनी खुशाल जावं, पण वर जाऊन आले तर बॅटरीचा निम्मा दिवस संपला असं धरावं.

नदीकाठच्या पांढऱ्या पाट्यांवरचे आकडे इथवर सगळ्यांच्या लक्षात आलेले असतात. तो नदीचा किलोमीटर: समुद्राकडच्या मुखापासून उलट मोजलेला. पासाउला २२२६ च्या आसपास, मेल्कला २०३६. रोजचं अंतर मोजायला कुठल्याही अॅपपेक्षा ही पाटी बरी, ती ढगाळ दिवशीही चालते.

पाचवा दिवस: मेल्क ते क्रेम्स, ३७ किमी

आज अंतर मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. सकाळ मेल्कच्या मठाला. बेनेडिक्टाइन संन्यासी इथे १०८९ पासून आहेत. आताची पिवळी बरोक इमारत याकोब प्रांटाउअरने १७०२ मध्ये सुरू केली. नऊला उघडल्या उघडल्या गेलं तर ग्रंथालय शांतपणे बघता येतं, दहानंतर बोटीतले पर्यटक येतात.

मग वाखाउ, २००० पासून जागतिक वारसास्थळ. कोणता काठ, यावर वारकऱ्यांत दरवर्षी वाद होतो. डाव्या काठाला गावं, द्राक्षमळे आणि गर्दी. उजव्या काठाला शांतता आणि जर्दाळूच्या बागा. आमचं मत: स्पिट्सपर्यंत डावीकडून, तिथून फेरीने उजवीकडे, वाइसेनकिर्शनला पुन्हा फेरीने डावीकडे. दोन्ही फेऱ्या प्रवाहावरच चालतात, कारण वाखाउत डॅन्यूब धरणांशिवाय मोकळी वाहते. वाटेत विलेनडॉर्फ लागतं. १९०८ मध्ये इथे सापडलेली अकरा सेंटिमीटरची पाषाणमूर्ती व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. गावात तिची मोठी प्रतिकृती.

जर्दाळूला इथे मारिले म्हणतात. फुलं मार्चअखेर-एप्रिलमध्ये, फळ जुलैच्या मध्यावर. मळेवाल्यांच्या घरगुती दारूगुत्त्यांत थंड पदार्थ आणि स्वतःची वाइन मिळते. वाखाउच्या पांढऱ्या वाइनच्या तीन प्रती: हलकी श्टाइनफेडर, मधली फेडरश्पील, दमदार स्मारग्ड. दुपारी स्मारग्डच्या वाटेला जाऊ नये. सायकलवाल्यांना ऑस्ट्रियात रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.८ प्रति हजार आहे, आणि त्या मर्यादेच्या आतही फरसबंदीवर तोल जातो. राडलर, म्हणजे बिअर आणि लिंबाचं पेय निम्मंनिम्मं, याचा अर्थच 'सायकलवाला', तो बरा.

ड्युर्नश्टाइनच्या वरच्या पडक्या किल्ल्यात ११९२-९३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. गावातला रस्ता दगडी आणि माणसांनी भरलेला, उतरून चालावं. अपघात होतात ते अशाच जागी, आणि बहुधा एकाच कारणाने: पुढचा फोटोसाठी न सांगता थांबतो, मागचे तिघे त्याच्यावर. 'थांबतोय' असं ओरडायचं, मग उजवीकडे वाटेबाहेर उतरायचं, मगच ब्रेक.

सहावा दिवस: क्रेम्स ते टुल्न, ४५ किमी

बांधावरचा सरळ रस्ता. पूर्वेचा वारा सुटला तर आजच त्रास होतो. तेव्हा एकामागे एक, चाकात दोन सायकलींचं अंतर, दर पाच मिनिटांनी पुढचा मागे. २०२४ च्या सप्टेंबरात या भागात मोठा पूर आला होता. पावसाळी आठवड्यात 'उमलाइटुंग' म्हणजे वळणरस्ता आणि 'गेश्पेर्ट' म्हणजे बंद, या दोन पाट्या ओळखता यायला हव्यात. बंद पाटीच्या मागे जाऊन पाहणारे चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन परत येतात.

त्स्वेंटेनडॉर्फला बांधून तयार पण कधीच न चाललेलं अणुविद्युत केंद्र आहे. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के लोकांनी नको म्हटलं. टुल्न हे चित्रकार एगोन शीलचं जन्मगाव. कुणाचे गुडघे गेले असतील तर इथून व्हिएन्नाला रेल्वे आहे.

सातवा दिवस: टुल्न ते व्हिएन्ना, ३८ किमी

ग्राइफेनश्टाइन, मग क्लोस्टरनॉयबुर्गचा मठ, मग नुसडॉर्फहून डोनाउ कालव्याच्या काठाने थेट शहरात. शहराची हद्द लागली की वळणावर माणूस ठेवायची पद्धत सिग्नलमुळे मोडते. लाल दिवा लागला की अर्धे इकडे, अर्धे तिकडे. म्हणून नुसडॉर्फला थांबून चौघाचौघांच्या तुकड्या कराव्यात आणि हॉटेलचा पत्ता प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. ट्रामचे रुळ काटकोनातच ओलांडायचे; तिरकं गेलं की चाक खाचेत. ऑफिसला जाणारे स्थानिक सायकलवाले भरधाव येतात, घंटा वाजली की उजवीकडे सरकायचं, मागे वळून बघायचं नाही.

सायकल परत देताना कुलपाची किल्ली, ई-बाईकचा चार्जर आणि पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या, मोजून द्यावे. चार्जर आदल्या हॉटेलच्या भिंतीला राहून गेलेला असतो, दर सहलीत एक तरी.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुढच्या वर्षाचं निघतंच. डॅन्यूबनंतर लगेच आल्प्स नको. मोझेल, ट्रियर ते कोब्लेंत्स, साधारण २०० किलोमीटर, हीसुद्धा नदीकाठची आणि सपाट. किंवा बोडनझे या सरोवराची प्रदक्षिणा, साधारण २६० किलोमीटर आणि तीन देश. चढाची खाज असेल त्यांनी त्यानंतर द्रावा नदी धरावी. तारखा आजच ठरवाव्यात. मे-जूनच्या खोल्या हिवाळ्यातच भरतात, आणि शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.